पाळ्या बदलल्यावर पोलीस दलाचे पैसे खरंच वाचतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पोलीस दलानं आठ तासांच्या तीन पाळ्या बंद करून बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू केल्या. वर्षभरानं प्रशासनानं सांगितलं, की ओव्हरटाइमचा खर्च एक तृतीयांशानं घटला. कर्मचारी संघटनेचं म्हणणं, ही बचत कागदावरची आहे, खर्च उलट वाढलाय. दोघांकडे तक्ते आहेत. प्रश्न विचारणारे गृहस्थ पैसे मंजूर करणाऱ्या समितीचे सदस्य आहेत आणि कुणाचं खरं धरायचं हे त्यांना कळत नाही.

मी वीसेक वर्षं याच कामात काढली. आधी पोलिसांच्या ड्यूट्या लावत होतो, नंतर इतरांनी लावलेल्या ड्यूट्यांचे हिशेब तपासत होतो. अशा वादात दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, हे आधी सांगतो. एकानं ओव्हरटाइमचं बिल पुढे केलेलं असतं, दुसऱ्यानं पगार, रजा आणि भरपाई सुट्ट्यांची बेरीज. एकाच खर्चाचे दोन तुकडे दोघांच्या हातात असतात. म्हणून माझी पहिली विनंती, पैसे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तास मोजा. पैशांच्या हिशेबात पगारवाढ, भत्ते, दर असं बरंच काही मिसळतं. तासांच्या हिशेबात लपायला जागा फार कमी असते.

एक गस्तीची गाडी घ्या. ती चोवीस तास, बारा महिने रस्त्यावर हवी आणि तिच्यात एक माणूस हवा. वर्षाचे तास झाले ८,७६०. आठवड्याला ४० तासांच्या नोकरीत एका माणसाला वर्षाला २,०८० तासांचा पगार मिळतो, पण तेवढे सगळे तास तो गाडीत नसतो. रजा, सणावाराच्या सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा यांत समजा ४०० तास गेले. (हा आकडा मी समजण्यापुरता धरलाय. प्रत्येक दलात तो वेगळा निघतो आणि हजेरीपत्रकावरूनच काढावा लागतो.) उरले १,६८०. आता ८,७६० ला १,६८० नं भागा. उत्तर येतं ५.२. म्हणजे एक खुर्ची वर्षभर भरलेली ठेवायची तर पाच माणसं आणि वर थोडं लागतं.

या भागाकारात पाळी किती तासांची हे कुठेच आलेलं नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या लावा नाहीतर बारा तासांच्या दोन, ८,७६० तास भरायचेच आहेत आणि एक माणूस १,६८० तासच देणार आहे. पाळी लांबवल्यानं माणसं कमी लागतील असं कुणी सांगत असेल, तर या दोन आकड्यांपैकी कोणता बदलला ते त्याला विचारा. एक तर रस्त्यावरचे तास कमी झाले असतील, म्हणजे बंदोबस्त विरळ झाला. किंवा प्रत्येक माणसाचे कामाचे तास वाढले असतील. दोन्ही जिथल्या तिथे असतील, तर बचत फक्त एकाच ठिकाणाहून येऊ शकते: पूर्वी दीडपट दरानं भरले जाणारे काही तास आता साध्या दरानं भरले जाताहेत. हे शक्य आहे आणि काही दलांत ते खरोखर घडलंय. पण ते तासांत दाखवता आलं पाहिजे.

बारा तासांच्या पाळीत नेमकं काय होतं ते आता पाहू. अमेरिकेतल्या पोलीस दलांत फार चालणारी रचना म्हणजे चार तुकड्या आणि चौदा दिवसांचं चक्र: दोन दिवस काम, दोन दिवस सुट्टी, तीन दिवस काम, मग दोन दिवस सुट्टी, दोन दिवस काम, तीन दिवस सुट्टी. पिटमन पाळी म्हणून ती ओळखली जाते. चौदा दिवसांत सात ड्यूट्या, म्हणजे ८४ तास. पूर्वी दोन आठवड्यांत ८० तास व्हायचे. पंधरवड्याला चार तासांचा हा फरक लहान दिसतो. वर्षाला मात्र तो १०४ तासांचा होतो, कारण २,०८० चे २,१८४ झाले. शंभर माणसांच्या दलात हे १०,४०० तास झाले, म्हणजे पाच पूर्णवेळ माणसांचं वर्षभराचं काम.

वादाचं मूळ बहुतेक वेळा या १०४ तासांत असतं, म्हणून इथे थोडा थांबतो. हे तास दलाला कसे मिळाले, यावर सगळं ठरतं. साध्या दरानं त्यांचा पगार दिला असेल, तर ओव्हरटाइमचं बिल घटणारच. त्याच वेळी पगाराचं बिल वाढलेलं असणार. प्रशासनाच्या तक्त्यात पहिली ओळ असते, संघटनेच्या तक्त्यात दुसरी. पगार तोच ठेवून माणसं ८४ तास कामाला लावली असतील, तर बचत खरी आहे, पण ती कर्मचाऱ्याच्या खिशातून आलेली आहे. त्याचा तासाचा दर जवळजवळ पाच टक्क्यांनी उतरला. याला वेळापत्रकातून झालेली बचत म्हणणं मला पटत नाही. ती पगारकपात आहे आणि तिला तेच नाव द्यावं. तिसरा मार्ग म्हणजे दर काही आठवड्यांनी एक पाळी लहान करून किंवा एक ड्यूटी सोडून हे १०४ तास माणसाला परत करायचे. हा सगळ्यांत प्रामाणिक मार्ग आहे. पण मग हातात आलेले जादा तासही परत गेले आणि त्यांच्या जोरावर सांगितलेली बचतही गेली.

अमेरिकेत या चार तासांना कायद्याचीही एक बाजू आहे. तिथल्या १९३८ च्या कामगार कायद्यात साधारणपणे आठवड्याला ४० तासांच्या पुढे ओव्हरटाइम सुरू होतो. पोलिसांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. दलानं चौदा दिवसांचा कालावधी ठरवून घेतला तर ८६ तासांपर्यंत, अठ्ठावीस दिवसांचा घेतला तर १७१ तासांपर्यंत कायद्यानं ओव्हरटाइम लागत नाही. ८४ हे ८६ च्या आत बसतात. बारा तासांची पाळी तिथल्या प्रशासनांना आवडते त्याचं एक मोठं कारण हेच. पण बहुतेक ठिकाणी संघटनेशी झालेला करार कायद्यापेक्षा उदार असतो. करारात रोजच्या ठरलेल्या पाळीपुढे किंवा पंधरवड्याला ८० तासांपुढे दीडपट दर लिहिलेला असेल, तर कायद्याची सवलत उपयोगाची नाही. मी पाहिलेल्या काही बचतीच्या अंदाजांत कायद्याची मर्यादा धरून गणित केलं होतं आणि करार कुणी उघडलाच नव्हता. तुमच्या समोरच्या तक्त्यात कोणती मर्यादा धरली आहे, हे एका ओळीत लिहून मागा.

रजेचं गणित इतकं साधं आहे, की त्यावर चूक होत असेल असं वाटत नाही. पण सगळ्यांत जास्त पैसे इथेच गळतात. समजा करारात वर्षाला वीस दिवस रजा आहे. आठ तासांच्या पाळीत ते १६० तास झाले. बारा तासांच्या पाळीतही ‘वीस दिवस’ तसेच ठेवले, तर ते २४० तास होतात. प्रत्येक माणूस ८० तास जास्त गैरहजर राहणार आणि ती जागा कुणीतरी भरणार, बहुधा दीडपट दरानं. आता उलट करा. रजा तासांत मोजा आणि १६० वर ठेवा. माणसाला तेरा दिवस आणि एक तुकडा मिळतो, आणि तो म्हणतो, माझी सात दिवसांची रजा कापली. तासांत पाहिलं तर काहीच कापलं नाही, पण घरच्या कॅलेंडरवर तेराच दिवस दिसतात, ही त्याची भावनाही खोटी नाही. आजारपणाचंही तेच. एका दिवसाच्या तापाला पूर्वी आठ तास लागत होते, आता बारा लागतात. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा जादा मोबदला आठ तासांचा द्यायचा की बारा तासांचा, हा आणखी एक प्रश्न. पाळ्या बदलण्याआधी हे कागदावर ठरलं नसेल, तर पहिल्या वर्षात जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो आणि त्या अर्थावरच दोन्ही बाजूंची बचत किंवा तोटा उभा असतो.

ज्याचा खरोखर फायदा होतो त्याकडे येतो, कारण प्रशासनाची बाजूही नीट मांडली पाहिजे. पोलिसांचा बराच ओव्हरटाइम पाळीच्या शेवटी जन्माला येतो. पाळी संपायला वीस मिनिटं असताना अपघाताचा कॉल येतो, किंवा एखाद्याला ताब्यात घेतलं जातं. मग पंचनामा, जबाब, नोंदी, वैद्यकीय तपासणी. तीन-चार तास सहज जातात. दिवसातून तीन वेळा पाळी संपत असेल तर असे प्रसंग तीनदा येतात, दोन वेळा संपत असेल तर दोनदा. शिवाय पाळी लांब असली की सुरुवातीला हाती घेतलेलं काम त्याच पाळीत उरकतं. ब्रीफिंग आणि चार्ज देण्या-घेण्याचा वेळही एका वेळेनं कमी होतो. ही बचत खरी आहे. ती कुणाच्या खिशातून येत नाही आणि रस्त्यावरचा माणूसही कमी होत नाही. मी जेव्हा हिशेब तपासतो तेव्हा ओव्हरटाइमच्या नोंदी कारणांप्रमाणे वेगळ्या करून मागतो: पाळी लांबली म्हणून, रिकामी जागा भरली म्हणून, कोर्ट, बंदोबस्त, तपास. पाळी लांबल्यामुळे होणारा ओव्हरटाइम घटला असेल, तर श्रेय वेळापत्रकाला द्यायला हरकत नाही. घट दुसऱ्याच रकान्यात असेल, तर वेळापत्रकाचा तिच्याशी संबंध काय ते आधी दाखवायला हवं.

कोर्टाच्या रकान्यात तर उलटा परिणाम दिसू शकतो. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याची साक्षीची तारीख सुट्टीच्या दिवशी पडण्याची शक्यता, शनिवार-रविवारचा विचार न करता, सातात दोन. म्हणजे एकोणतीस टक्क्यांच्या आसपास. बारा तासांच्या पाळीत माणूस निम्मेच दिवस कामावर असतो, वर्षाला १८२. मग ती शक्यता पन्नास टक्के होते. सुट्टीच्या दिवशी बोलावलं की अनेक करारांत किमान ठराविक तासांचा ओव्हरटाइम द्यावाच लागतो, साक्ष दहा मिनिटांत संपली तरी. प्रशिक्षणाचं तसंच. सुट्ट्या जास्त, म्हणून प्रशिक्षणही सुट्टीत जायला लागतं. पाळीच्या शेवटी जे वाचलं त्यातला बराच भाग इथे निघून गेल्याचं मी एकापेक्षा जास्त दलांत पाहिलंय.

आता तुलनेच्या वर्षाबद्दल. ‘गेल्या वर्षी इतका होता, यंदा इतका झाला’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, गेल्या वर्षी काय झालं होतं? वेळापत्रक बदलायचा निर्णय सहसा खर्च फार वाढलेल्या वर्षानंतर होतो. निवडणूक, दंगल, मोठा बंदोबस्त, एकदम निवृत्त झालेली माणसं, असं काहीतरी त्या वर्षी घडलेलं असतं. अशा वर्षानंतरचं वर्ष काही न करताही बरं जातं. म्हणून एका वर्षाची तुलना धरू नका, किमान तीन वर्षं मागची मागा. आणि त्याच्या शेजारी दर महिन्याला प्रत्यक्ष कामावर किती माणसं होती तो आकडा मागा. मंजूर पदसंख्या नको. मंजूर पदं कागदावर असतात, ओव्हरटाइम रिकाम्या पदांमुळे होतो. भरतीची एक तुकडी प्रशिक्षण संपवून रुजू झाली, की ओव्हरटाइम आपोआप खाली येतो. ती तुकडी आणि नवं वेळापत्रक एकाच महिन्यात आलं असेल, तर बचत कुणाची, हे वर्षाच्या बेरजेवरून कधीच कळणार नाही.

एक अनुभव सांगतो. दलाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मनापासून काम करणारी होती आणि चूक मुद्दाम केलेली नव्हती. ओव्हरटाइमचं बिल खरंच घटलं होतं, लेखाविभागानं ते दोनदा तपासलं होतं. संघटनेचे पदाधिकारी चिडले होते, पण काय चुकतंय हे त्यांनाही बोटावर मोजून सांगता येत नव्हतं. दोन दिवस मी पगारपत्रकंच पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ड्यूटी लावणारा हवालदार सहज बोलून गेला, की हल्ली त्याच्याकडे रोखीचे अर्ज कमी आणि बदली सुट्टीचे जास्त येतात, कारण वरून तोंडी सांगितलंय. बदली सुट्टीची वही लेखाविभागात जात नव्हती. ती त्याच्या टेबलाच्या खणात होती. ओव्हरटाइमचे तास तेवढेच झाले होते, फक्त त्यांतले बरेचसे पैशांऐवजी सुट्टी म्हणून त्या वहीत जमा झाले होते. देणं फिटलेलं नव्हतं, पुढे ढकललं होतं.

असं पुढे ढकललेलं देणं वाढत जातं. अमेरिकेच्या कायद्यात एका तासाच्या ओव्हरटाइमबदली दीड तासाची सुट्टी द्यावी लागते, पोलिसांसारख्या सेवांत अशी सुट्टी ४८० तासांपर्यंत साठवता येते, आणि नोकरी सोडताना उरलेल्या तासांचे पैसे शेवटच्या दरानं किंवा शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी दरानं, जो जास्त असेल त्यानं, द्यावे लागतात. म्हणजे शिपाई असताना केलेलं काम अधिकाऱ्याच्या दरानं फेडायचं. आणि त्यानं ती सुट्टी मध्येच घेतली, तर त्याची जागा भरायला दुसऱ्याचा ओव्हरटाइम. त्या दिवसापासून मी कुठेही गेलो तरी बदली सुट्टीची शिल्लक पहिल्या तासाला मागतो.

दहा तासांच्या पाळीबद्दलही लोक विचारतात, कारण तिच्या बाजूनं चांगलं संशोधन आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोलीस फाउंडेशननं डेट्रॉइट आणि टेक्ससमधल्या आर्लिंग्टन इथे केलेल्या प्रयोगाचा अहवाल दिला. पोलिसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आठ, दहा आणि बारा तासांच्या पाळ्यांत वाटून परिणाम मोजले होते. या क्षेत्रात असा काटेकोर प्रयोग फार क्वचित होतो. दोन आठवड्यांत सरासरी ओव्हरटाइम आठ तासांच्या पाळीत पावणेसहा तास निघाला, दहा तासांच्या पाळीत एका तासाच्या आत आणि बारा तासांच्या पाळीत दोन तासांच्या आत. दहा तासांवाल्यांना झोपही जास्त मिळत होती. बारा तासांवाले मात्र आठ तासांवाल्यांपेक्षा जास्त थकलेले आणि कमी सावध आढळले.

हा अहवाल दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वाचतात. पण दहा तासांच्या तीन पाळ्या म्हणजे तीस तास, आणि दिवस चोवीस तासांचा. सहा तास दोन पाळ्या एकमेकींवर येतात. हे सहा तास कॉलची गर्दी असते त्या वेळेला, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी उशिरा, टाकता आले तर ते सोन्यासारखे आहेत. नाही टाकता आले, तर तेच रस्ते सांभाळायला २५ टक्के जास्त तास लागतात. माझ्या वरच्या उदाहरणात ५.२ माणसांच्या जागी ६.५ लागतील. त्यापुढे पंधरवड्याला वाचलेले चार-पाच तास फार नाहीत. दहा तासांची पाळी मला स्वतःला आवडते, पण ज्या दलाकडे तासागणिक कॉलची नोंद नाही किंवा पुरेशी माणसं नाहीत, तिथे ती सुचवताना मी हात आखडतो.

थकव्याची किंमत कोणत्याच तक्त्यात नसते, आणि या विषयात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती त्याचीच. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात, सतरा तास जागं असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. बारा तासांची पाळी, दोन्ही बाजूंचा प्रवास, घरचं काम आणि वर एखादा उशिरा आलेला कॉल, एवढ्यात सतरा तास कधी भरतात ते कळतही नाही. तो माणूस गाडी चालवतोय आणि त्याच्या कमरेला पिस्तूल आहे. २०११ मध्येच उत्तर अमेरिकेतल्या सुमारे पाच हजार पोलिसांच्या पाहणीत चाळीस टक्क्यांना झोपेचा कुठला ना कुठला विकार असल्याची लक्षणं आढळली. फिनिक्समध्ये दहा तासांऐवजी तेरा तास वीस मिनिटांची पाळी करून पाहिली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार झोप आणि एकाग्रता घटली आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी वाढल्या. एका गाडीचा अपघात, एक नुकसानभरपाईचा दावा, मुदतीआधी नोकरी सोडणारा एक अनुभवी माणूस आणि त्याच्या जागी नव्याची भरती, याची किंमत वेगळ्याच खात्यात पडते. वेळापत्रकाच्या खात्यात ती कधी येत नाही. म्हणून मी निदान अपघात, दुखापती, आजारपणाचे तास आणि राजीनामे हे चार रकाने तुलनेत ठेवायला लावतो. पहिल्या वर्षात ते फारसे बोलत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बोलायला लागतात.

संघटनेच्या तक्त्यातही चुका असतात. १०४ तासांचा हिशेब सगळा दीडपट दरानं लावलेला मी पाहिलाय, जरी त्या तासांचा साधा पगार दिला गेला होता. पदं पूर्ण भरलेली असती तर आठ तासांच्या पाळीत ओव्हरटाइम झालाच नसता, असंही गृहीत धरलेलं असतं. आणि संघटना एक गोष्ट सहसा मोठ्यानं सांगत नाही: बारा तासांची पाळी तिच्या अनेक सभासदांना मनापासून हवी असते. वर्षाला २६० ऐवजी १८२ दिवस कामावर जायचं, एकाआड एक आठवड्याला शुक्रवार ते रविवार मोकळा. लहान मुलं असलेल्या घरात याचं मोल फार आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. पण मग वाद बचतीचा राहत नाही. माणसांना सोयीचं वेळापत्रक हवंय आणि त्याची किंमत कुणी द्यायची, हा तो प्रश्न होतो. तो तसाच समोर मांडला तर लवकर सुटतो.

हे सगळं जिथे ओव्हरटाइमचे पैसे मिळतात तिथलं झालं. जिथे मिळत नाहीत, किंवा नाममात्र मिळतात, तिथे बचतीचा शब्दच फसवा आहे. भारतात पोलीस संशोधन व विकास ब्यूरोनं हैदराबादच्या प्रशासकीय स्टाफ कॉलेजच्या साहाय्यानं केलेला २०१४ चा अभ्यास सांगतो, की पोलीस ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करत होते आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. आठ तासांच्या पाळ्या करायच्या तर मनुष्यबळ ६८ टक्क्यांनी वाढवावं लागेल, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा पाहून ‘परवडणार नाही’ असं म्हटलं जातं. पण हे तास आजही काम होऊन भरले जाताहेतच. त्यांचा मोबदला माणसाच्या झोपेतून आणि घरातून वसूल होतो आणि सरकारी हिशेबात तो शून्य दिसतो. जिथे एका तासाची किंमत शून्य लावलेली आहे, तिथे कुठलीही सुधारणा खर्चिकच दिसणार. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याचा आराखडा एका शिपायानं तयार करून वरिष्ठांपुढे ठेवला होता, याचं मला म्हणूनच फार मोल वाटतं. रोजचे तास स्वतःच्या अंगावर मोजणाऱ्यानं तो हिशेब मांडला होता.

आता तुमच्या बैठकीबद्दल. बचतीचा आकडा किती, हे पहिल्या बैठकीत विचारूच नका, कारण तो विचारला की दोन्ही बाजू आपला आकडा सांभाळत बसतात. त्याऐवजी दोघांना मिळून एकच तक्ता भरायला सांगा, महिन्यागणिक, बदलाआधीची तीन वर्षं आणि नंतरचे सगळे महिने. त्यात कामावर हजर माणसं, साध्या पगाराचे एकूण तास, कारणवार ओव्हरटाइमचे तास, घेतलेल्या रजेचे आणि आजारपणाचे तास, बदली सुट्टीची महिनाअखेरची शिल्लक, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष किती माणूस-तास होते, एवढे रकाने हवेत. साध्या पगाराचे आणि ओव्हरटाइमचे तास मिळवा, बदली सुट्टीची वाढ त्यात घाला आणि रस्त्यावरच्या तासांनी भागा. रस्त्यावरच्या एका तासामागे किती तासांचे पैसे द्यावे लागले, हे त्यातून निघतं. बदलाआधी तो आकडा समजा १.२४ होता आणि आता १.२० झाला असेल, तर बचत आहे, आणि ती बऱ्यापैकी मोठी आहे. तो जिथल्या तिथे असेल, तर खर्च फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात गेलाय. मग दोनच गोष्टी तपासायच्या उरतात: ते जादा १०४ तास साध्या पगाराच्या रकान्यात दिसतात का, आणि पंधरवड्याचा पगार ८० तासांचा निघाला की ८४ चा.

रस्त्यावरच्या तासांचा रकाना भरायला टाळाटाळ होईल, हे आधीच सांगून ठेवतो. तो कुणी मुद्दाम ठेवत नाही. तो गस्तीच्या गाड्यांच्या लॉगबुकमधून आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदींतून काढावा लागतो आणि कंटाळवाणं काम आहे. एक कारकून आणि ड्यूटी लावणारा हवालदार यांना दोन आठवडे फक्त या कामाला मोकळं करा. हवालदार नक्की घ्या. वह्या कुठल्या खणात आहेत ते त्यालाच माहीत असतं.